खरूज सगळ्या घराला, औषध एका केस पेपराला

प्रति,
राज्याच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचे नियोजन, औषधखरेदी आणि लेखापरीक्षण पाहणाऱ्या सर्व सन्माननीय अधिकाऱ्यांस,

सविनय नमस्कार.

मी ३१ वर्षे प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधनिर्माण अधिकारी म्हणून नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यातली बहुतेक वर्षे सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात, औषध देण्याच्या खिडकीमागे गेली. डॉक्टरांनी तपासल्यानंतर रुग्ण शेवटी या खिडकीशी येतो. केस पेपरावर काय लिहिले आहे, हातात काय पडते आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस तीच तक्रार घेऊन पुन्हा रांगेत का उभा राहतो, हे तिथे बसणाऱ्याला इतर कोणाहीपेक्षा आधी कळते. खरजेच्या बाबतीत जे मी इतकी वर्षे पाहिले आणि ज्यात माझाही हात होता, ते आता जाहीरपणे लिहावे असे ठरवले, त्याला दहा दिवसांपूर्वीची एक घटना कारण झाली.

ओळखीतली एक शेतमजूर बाई तीन मुलांना घेऊन माझ्या घरी आली आणि पदराची गाठ सोडून घडी घातलेले चार केस पेपर तिने माझ्यापुढे ठेवले. चारही तिच्या थोरल्या मुलीचे, साडेतीन महिन्यांतले, एकाच आरोग्य केंद्राचे होते. पहिल्यावर अ‍ॅलर्जी लिहिले होते, दुसऱ्यावर बुरशीचा संसर्ग, तिसऱ्यावर पुन्हा अ‍ॅलर्जी, आणि चौथ्यावर अखेर खरूज. चौथ्या खेपेला बेन्झिल बेन्झोएट या अंगाला लावायच्या खरजेच्या औषधाची एक बाटली मिळाली. आईने ती सांगितल्याप्रमाणे मुलीच्या अंगाला लावली, मुलीला आठ-दहा दिवस बरे वाटले आणि तीन आठवड्यांनी ती पुन्हा रात्र रात्र खाजवू लागली. मी तिन्ही मुलांना ओटीवर उजेडात बसवून पाहिले. दोन्ही मोठ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांच्या आतल्या बाजूला पुटकुळ्या होत्या. सहा महिन्यांच्या तान्ह्याच्या तळपायांवर पाण्याने भरलेले फोड होते. आईच्या कमरेवर परकराची नाडी जिथे आवळली जाते, नेमक्या त्या रेषेवर खाजवून खाजवून कातडी काळी पडली होती. घरी सासू आणि नवराही खाजवत असल्याचे तिने मी विचारल्यावर सांगितले. त्या सगळ्यांबद्दल चारपैकी एकाही कागदावर एक शब्द नव्हता.

चौथ्या वेळचे निदान बरोबर होते आणि औषधही चुकीचे नव्हते, तरीही उपचार वाया गेला, कारण सहा माणसे एका खोलीत, दोन वाकळींखाली झोपत असताना औषध त्यातल्या एकीलाच मिळाले. खरूज एका छपराखाली झोपणाऱ्या सगळ्यांत फिरते, आणि आपली नोंदणी, तपासणी, औषधवाटप, साठ्याचा हिशोब, लेखापरीक्षण असे सगळे काही एका केस पेपराला एक रुग्ण धरून चालते. या एका विसंगतीकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र आहे.

ज्या वाचकांना हा आजार जवळून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, कोळी-गोचीड यांच्या कुळातला असतो. मादी कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा करते, रोज दोन-तीन अंडी घालते, तीन-चार दिवसांत ती फुटतात आणि साधारण दोन आठवड्यांत पुढची पिढी तयार होते. नेहमीच्या खरजेत एका माणसाच्या सबंध अंगावर असे दहा-पंधराच किडे असतात. खाज येते ती त्यांच्या चालण्याने नव्हे, तर त्यांच्या आणि त्यांच्या विष्ठेच्या विरुद्ध शरीर जी प्रतिक्रिया देते तिने येते. ही प्रतिक्रिया पहिल्या वेळी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे ज्याला आज काहीच खाज नाही, त्याच्या अंगावर किडा महिनाभरापासून असू शकतो आणि तो दुसऱ्याला लागणही देऊ शकतो. ‘ज्याला खाज आहे त्याला घेऊन या’ असे आपण खिडकीतून सांगतो तेव्हा घरातला निम्मा आजार आपण घरीच ठेवायला सांगत असतो.

पहिली तक्रार निदानाची आहे. आदिवासी व डोंगरी भागात वीस हजार आणि इतरत्र तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा आपला निकष. बाजाराच्या दिवशी आमच्या केंद्रात एका डॉक्टरांपुढे सकाळच्या चार तासांत शंभरावर माणसे उभी राहत. एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटे येत आणि त्यांत अंगावरचा कपडा बाजूला करून कातडी पाहणे होत नसे. कित्येक खोल्यांत आडोशाला पडदाही नसे. खरूज ज्या जागी हमखास सापडते त्या जागा म्हणजे बेंबी, कंबर, काखा, बायकांच्या स्तनाग्रांभोवतीचा भाग, पुरुषांचे जननेंद्रिय आणि नितंब. बाया पुरुष डॉक्टरांना या जागा आपण होऊन दाखवत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. मग पुढे केलेला हात पाहून अ‍ॅलर्जी लिहिली जाते.

या आजाराचे निदान करायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. इटलीत १६८७ साली बोनोमो आणि चेस्तोनी यांनी साध्या सूक्ष्मदर्शकातून हा किडा पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले, आणि ज्यांचे कारण माणसाला नेमके सापडले अशा पहिल्या आजारांत खरजेची गणना होते. आज तर सूक्ष्मदर्शक नसला तरी चालते. जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेले निकष २०२० साली प्रसिद्ध झाले आहेत आणि त्यांत खाज आहे का व निकटच्या सहवासातल्या कोणाला तसाच त्रास आहे का, या दोन प्रश्नांना शारीरिक खुणांइतकेच मानाचे स्थान आहे. ‘रात्री खाज वाढते का?’ आणि ‘घरात आणखी कोण खाजवतंय?’ हे विचारायला अर्धे मिनिट पुरते. ज्या बाईचे चार केस पेपर मी वाचले तिला हा दुसरा प्रश्न पहिल्याच दिवशी कोणी विचारला असता तर तिचे साडेतीन महिने वाचले असते.

माझ्या नोकरीत एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मला एकदा खिडकीतून बोलावून घेतले होते. त्यांच्यापुढे आठ-नऊ वर्षांचा मुलगा बसला होता. त्यांनी त्याच्या बोटांच्या बेचक्यात फाउंटन पेनाची शाई बोटाने चोळली, मिनिटभर थांबून स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढली, आणि भिंग माझ्या हातात दिले. सगळी शाई निघून गेली होती, फक्त दोन-तीन मिलिमीटरची एक निळी वाकडी रेघ कातडीत शिल्लक राहिली होती. तोच तो बोगदा. मग त्यांनी भिंग मुलाच्या आईच्या हातात दिले. आजवर तिला अनेकांनी ‘स्वच्छता ठेवा’ एवढेच सांगितले होते. ती रेघ पाहिल्यावर तिने घरातल्या एकूण एक माणसाची नावे स्वतःहून सांगायला सुरुवात केली. त्या तपासणीचा सगळा खर्च शाईचा एक थेंब आणि कापसाचा एक बोळा इतकाच होता.

‘स्वच्छता ठेवा’ या दोन शब्दांबद्दलही मला तक्रार आहे. खरूज घाणीने होत नाही, ती दीर्घ आणि जवळच्या स्पर्शाने होते. रोज अंघोळ करणाऱ्या माणसाच्या अंगावरचा किडा अंघोळीने जात नाही. दाटीवाटीत झोपावे लागणे हे त्याचे खरे कारण असते आणि ते कोणी हौसेने पत्करत नाही. आपल्या केंद्रांत हे वाक्य उपचारासारखे वापरले जाते. ते ऐकलेली बाई पुढच्या वेळी लाजेने येतच नाही आणि मुलाला बाजारातल्या मेडिकलमधून मलम आणून लावते.

त्या मलमाविषयीची तक्रार मला सगळ्यांत जड जाते, कारण ते मलम मीही दिलेले आहे. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल यांसारखे स्टेरॉइड असलेले मलम खरजेला लावले की खाज आणि लाली दोन दिवसांत कमी होते, रुग्णाला आराम वाटतो, पण किडा मरत नाही. उलट शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे तो वाढतो, पुरळाचे रूप बदलते आणि पुढच्या डॉक्टरांनाही खरूज ओळखू येत नाही. २०१८ साली केंद्र शासनाने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली, ते योग्यच झाले. पण चिठ्ठी आपल्याच केंद्रात लिहिली जात असेल तर त्या नियमाचा उपयोग काय?

सात-आठ वर्षांपूर्वी जवळच्या आश्रमशाळेतला दुसरी-तिसरीतला एक मुलगा अधीक्षकांबरोबर आला. सकाळी त्याचे डोळे सुजून बारीक झाले होते आणि दोन दिवस लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होत होती. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो त्या वयाला बराच जास्त होता. मुलाच्या हातांवर आणि नितंबांवर खाजवून चिघळलेल्या फोडांच्या खपल्या होत्या. खरजेच्या फोडांत स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरले की काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, हे मी शिकताना वाचले होते. त्याला त्याच गाडीने जिल्हा रुग्णालयात पाठवले आणि सुदैवाने तो पूर्ण बरा झाला. गाडी गेल्यावर मी नोंदवही उघडली. गेल्या दोन महिन्यांत त्याच्या नावावर तीन वेळा स्टेरॉइडयुक्त मलम आणि सीपीएमच्या, म्हणजे अ‍ॅलर्जीची खाज दाबणाऱ्या, गोळ्या दिल्याची नोंद होती आणि तिन्ही नोंदी माझ्या अक्षरात होत्या. ‘खाजच तर आहे’ असे म्हणून हा आजार बाजूला सारणाऱ्या प्रत्येक बैठकीत मला ते पान आठवत राहिले.

आता प्रमाणाची गोष्ट. मी औषध मोजणारी बाई आहे, म्हणून हिशोबच मांडते. एका मोठ्या माणसाला मानेपासून तळपायापर्यंत ५ टक्के पर्मेथ्रिनचे, म्हणजे खरजेचा किडा मारणारे, मलम एकदा लावायला साधारण ३० ग्रॅम लागते, लहान मुलाला सरासरी १५ ग्रॅम धरू. वर सांगितलेल्या घरात तीन मोठी माणसे आणि तीन मुले आहेत. एका वेळेला १३५ ग्रॅम झाले. पहिल्या वेळी जी अंडी वाचतात त्यांतून निघालेले किडे मारण्यासाठी सात-आठ दिवसांनी पुन्हा लावावेच लागते, म्हणजे २७० ग्रॅम. ३० ग्रॅमच्या नऊ ट्यूब. आपण या घराला जास्तीत जास्त एक देतो. नवव्या हिश्शाएवढे औषध दिल्यावर खरूज परतली तर ‘यांनी नीट लावले नाही’ असा शेरा मारण्याचा अधिकार आपल्याला कसा पोचतो? अलीकडे पर्मेथ्रिन लावूनही बरे न होणारे रुग्ण युरोपात तसेच आपल्याकडेही त्वचारोगतज्ज्ञ नोंदवू लागले आहेत. अशा वेळी अर्धवट उपचार तर आणखीच परवडणार नाहीत.

ज्या तरुण डॉक्टरांचा वर उल्लेख केला, त्यांच्या सहीने मी एकदा एका केस पेपरावर सहा माणसांची नावे लिहून सहा बाटल्या दिल्या. असे आम्ही त्या पावसाळ्यात वीस-बावीस घरांना केले. त्यांतली फार थोडी घरे परत आली, ही माझी स्वतःची नोंद आहे. पुढच्या लेखापरीक्षणात आक्षेप आला की एका रुग्णास सहा बाटल्या देण्याचे प्रयोजन काय. आम्ही लेखी खुलासा दिला, खरजेचे कारण समजावून सांगितले, घरातल्यांची नावे कागदावरच असल्याचे दाखवले. आक्षेप रद्द झाला नाही आणि यापुढे प्रत्येकाने स्वतः येऊन स्वतःचा केस पेपर काढल्याशिवाय औषध देऊ नये अशी तोंडी सूचना आली. कागदावर हा नियम निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात आवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून बाप येत नाही, म्हातारीला सात किलोमीटर चालवत नाही, आणि ज्या मुलाला खाज नाही त्याची शाळा कोणी बुडवत नाही. शेवटी सगळ्यांत जास्त खाजवणारे एक मूल आईच्या कडेवर येते आणि एक बाटली घेऊन जाते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य संस्थांतले उपचार निःशुल्क झाले, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण त्या मोफत सेवेपर्यंत सहा जणांना एकाच दिवशी पोचता येत नसेल तर खरजेपुरता तिचा लाभ अपुराच राहतो.

औषधे कोणती, हाही प्रश्न आहेच. माझ्या नोकरीच्या आरंभी गॅमा बेन्झिन हेक्झाक्लोराइड सर्रास दिले जाई. तेच लिंडेन नावाचे कीटकनाशक, आणि लहान मुलांच्या मज्जासंस्थेला त्याचा धोका आहे. ते मागे पडले ते चांगले झाले. त्यानंतर माझ्या केंद्रात बेन्झिल बेन्झोएट कधी आले, कधी महिनोन्महिने आले नाही. ते स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण चिघळलेल्या अंगाला इतके झोंबते की लहान मूल दुसऱ्यांदा लावूनच घेत नाही. पर्मेथ्रिन आमच्या मागणीपत्रात दरवर्षी असे आणि पुरवठ्यात क्वचितच दिसे. दोन महिन्यांखालच्या बाळांना चालणारे गंधकाचे मलम मी अखेरच्या दहा वर्षांत पाहिलेले नाही.

आयव्हरमेक्टिन या पोटात घ्यायच्या गोळीबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅमची एक गोळी, आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा एक, इतका हा सुटसुटीत उपचार आहे. १५ किलोंखालची मुले आणि गरोदर स्त्रिया यांना ती देत नाहीत, त्यांच्यासाठी मलम ठेवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले आणि २०१९ साली खरजेसाठी आयव्हरमेक्टिन अत्यावश्यक औषधांत घातले. फिजीच्या बेटांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सबंध वस्तीला ही गोळी दिल्यावर वर्षभरात खरजेचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांखाली आले. जिथे नेहमीच्या पद्धतीने फक्त रुग्णांना आणि त्यांच्या सहवासातल्यांना मलम दिले, तिथे ते ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांपर्यंतच उतरले. ही गोळी आपल्याला नवीनही नाही. करोनाच्या साथीत, मे २०२१ मध्ये, शेजारच्या गोव्यात १८ वर्षांवरील सर्वांना ती देण्याचा निर्णय जाहीर झाला होता, तोही करोनावर तिचा उपयोग सिद्ध झालेला नसताना. हत्तीरोगासाठी २०१९ च्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात आपल्याच कर्मचाऱ्यांनी तीन औषधांच्या मोहिमेत ती घरोघर जाऊन, उंची मोजण्याची पट्टी भिंतीला टेकवून, आपल्यासमोर गिळायला लावली. म्हणजे खरेदी जमते, वाटप जमते, मात्रा ठरवणे जमते. ज्या आजारावर तिचा गुण निर्विवाद आहे त्या आजारासाठी ती माझ्या खिडकीत एकदाही आली नाही.

औषध देताना सांगायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्या कोणीच सांगत नाही. रात्री मानेखालच्या सबंध अंगाला लावायचे, जिथे खाजते तेवढ्याच जागी नव्हे. दोन वर्षांखालच्या मुलांच्या डोक्याला आणि चेहऱ्यालाही, डोळे-तोंड सांभाळून. नखे कापून नखांखाली. हात धुतले की हातांना पुन्हा. सकाळी अंघोळ, आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे कपडे-अंथरूण कडक पाण्यात धुऊन उन्हात. किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही, त्यामुळे पावसाळ्यात जी वाकळ धुता येत नाही ती मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत चार-पाच दिवस घट्ट बांधून ठेवली तरी चालते. आणि सगळे किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, हे आधी सांगितले नाही तर माणसे घाबरून रोज औषध चोळतात आणि कातडी सोलवटून घेतात.

आश्रमशाळा आणि वसतिगृहांबद्दल मी वेगळे लिहिते आहे, कारण तिथे एका छपराखाली झोपणारी माणसे सहा नसून दोनशे असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि त्याच्या तपासणीच्या यादीत खरूज नाव घेऊन समाविष्ट आहे. पथक येते, मुले तपासते, नावे लिहून देते आणि त्या नावांपुरते औषध आमच्याकडून जाते. शेजारच्या गादीवरचा मुलगा, अधीक्षिका, कामाठी, स्वयंपाकी यांना काही मिळत नाही. महिन्याने पुन्हा तीच नावे, शिवाय नवी. एके वर्षी खरूज झालेल्या मुलींना ‘बरे होऊन या’ म्हणून घरी पाठवले गेले. त्यांनी ती पाड्यावर नेली, दिवाळीनंतर काही घरांनी ती वीटभट्टीवर नेली, आणि त्या मुलींपैकी दोघी शाळेत परतल्याच नाहीत.

शेवटची तक्रार छोटी आहे. माझ्या मासिक अहवालात खरजेला स्वतंत्र रकाना नव्हता, ती ‘इतर त्वचारोग’ यात जाई. आकडा नाही म्हणून मागणी पटत नाही, मागणी पटत नाही म्हणून पुरवठा नाही. दरम्यान कुष्ठरोग शोध मोहिमेत आशाताई आणि पुरुष स्वयंसेवक घरोघर जाऊन माणसांच्या अंगावरचे चट्टे पाहतात. त्यांना खरूजही दिसते, त्या मला येऊन सांगतही, पण लिहायला जागा नसे.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

खरजेचे निदान झालेल्या रुग्णाच्या केस पेपरावर त्याच्याबरोबर राहणाऱ्या सर्वांची नावे, वये आणि अंदाजे वजने लिहून त्या सर्वांचे दोन्ही वेळचे औषध एकाच वेळी देण्यास लेखी परवानगी द्यावी, आणि त्या आदेशाची प्रत लेखापरीक्षकांना पाठवावी. घरात गरोदर स्त्री किंवा तान्हे असेल तर आशाताईंनी त्याची खात्री करून कळवावे. बाकी काही लगेच झाले नाही तरी ही एक गोष्ट लगेच व्हावी. तिला फारसा पैसा लागत नाही, एक परिपत्रक लागते.

पर्मेथ्रिन, आयव्हरमेक्टिन आणि गंधकाचे मलम ही औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नियमित पुरवठ्यात असावीत. मागणी माणशी न काढता घरटी काढावी, आणि साठा पावसाळ्यापूर्वी पोचावा. पुरवठा खंडित झाल्यास रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदीला आधीच मान्यता असावी.

वैद्यकीय अधिकारी, समुदाय आरोग्य अधिकारी, परिचारिका आणि औषधनिर्माण अधिकारी यांचे एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे. त्यात शाईची चाचणी हाताने करून दाखवावी. प्रत्येक तपासणी खोलीत पडदा आणि भिंग असावे, आणि खाजेच्या रुग्णाला ते दोन प्रश्न विचारल्याची नोंद झाल्याशिवाय स्टेरॉइड मलम लिहिले जाऊ नये. चिघळलेली खरूज असलेल्या मुलाच्या फोडांवर वेळीच उपचार व्हावेत, आणि चेहरा सुजला किंवा लघवीचा रंग बदलला तर लगेच आणावे हे पालकांना सांगितले जावे.

आश्रमशाळा व वसतिगृहांसाठी आरोग्य आणि आदिवासी विकास या दोन्ही विभागांनी मिळून आदेश काढावा. अनेक मुलांत खरूज सापडली तर सगळ्या निवासी मुलांना आणि कर्मचाऱ्यांना एकाच रात्री उपचार, आठव्या दिवशी दुसरा, आणि खरजेमुळे कोणत्याही मुलाला घरी पाठवायचे नाही, असे त्यात स्पष्ट असावे.

मासिक अहवालात आणि कुष्ठरोग शोध मोहिमेच्या नमुन्यात खरजेचा रकाना घालावा.

या मागण्यांवर काय निर्णय झाला, किंवा कोणती मागणी कोणत्या कारणाने मान्य करता येत नाही, हे जाहीरपणे कळावे अशी विनंती आहे. प्रशिक्षणासाठी माझा उपयोग होणार असेल तर मी विनामानधन येईन.

त्या बाईला मी तालुक्याच्या गावी ओळखीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तान्ह्यासह सगळ्यांसाठी पर्मेथ्रिन लिहून दिले आणि नऊ ट्यूब मी माझ्या पेन्शनमधून मेडिकलमधून घेतल्या. पहिला हात गेल्या शुक्रवारी रात्री सहाही जणांना लावून झाला. दुसरा येत्या शुक्रवारी आहे, आणि त्या रात्री मी तिच्या घरी जाणार आहे. तिच्या शेजारच्या घरातही तीन मुले खाजवत आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी